पान एकेचाळीसवरचे मेहुणे

४ जून

प्रिय भाऊ,

सगळं ठीक आहे असं लिहून सुरुवात करायची असते. ते मी गाळते, कारण सगळं ठीक असतं तर पत्र लिहिलंच नसतं, फोन केला असता. फोन आमच्या बाहेरच्या खोलीत आहे आणि ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते त्याच्याच शेजारच्या खुर्चीत बसतात.

तुझे दाजी एप्रिलपासून सकाळी फिरायला जातात. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते तेव्हा ऐकलं नाही. आता एकाएकी रोज सहाला बाहेर, साडेसातला परत. पाळी दुपारची असल्यामुळे सकाळ मोकळीच असते. विचारलं तर म्हणतात, पाच किलोमीटर चालतो.

आता बघ. पाच किलोमीटर चालून आलेल्या माणसाचे बूट मी रोज उचलून ठेवते. दुकानातून आत्ता आणल्यासारखे असतात. अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि परत येतो तोही इस्त्रीचाच. खिशाला पेन. फिरायला पेन कशाला लागतं? काखेत प्लास्टिकची फाइल, तिच्यात म्हणे खात्याचे कागद. परवा कोपराला पांढरी पूड लागली होती. मी झटकायला गेले तर म्हणाले, भिंतीला टेकलो होतो. शिवाय न्हाणीघरात पुटपुटतात. मी दाराला कान लावला. शब्द कळले नाहीत, पण एकच गोष्ट चार-चारदा, वेगवेगळ्या सुरात म्हणत होते.

अठ्ठावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोललेला नाही. खोटं बोलायला आधी बोलावं लागतं, आणि यांचं तिथेच अडतं. म्हणून तर जास्त काळजी वाटते. दुसरं कोणी आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. कामावर पाण्याच्या टाकीच्या बहात्तर पायऱ्या चढताना गुडघ्यामुळे तीनदा थांबणारा माणूस असली नसती उठाठेव कुठून करणार? पण इस्त्रीचा शर्ट, भाऊ.

मी मान डोलावते. पाच का, बरं, म्हणते. गळ्याखाली काही उतरत नाही. तू पुरुषमाणूस आहेस, त्यांना सरळ पत्र लिहून विचार. माझं नाव येऊ देऊ नकोस आणि हे पत्र फाडून टाक.

तुझी,
ताई

११ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र अगदी वेळेवर आलं. माझ्या वेळेवर, तुझ्या नव्हे.

प्रकाशकांना महिनाअखेर इंग्रजी वाक्प्रचारांची कार्यपुस्तिका हवी आहे. साठ वाक्प्रचार, प्रत्येकाची पाच नमुना वाक्यं. म्हणजे तीनशे वेळा कोणीतरी काहीतरी करायला हवं. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला इतकी माणसं भेटतात कुठे? दोनशे वाक्यं झाल्यावर माझ्या पुस्तकातला प्रत्येक जण छत्री विसरायला लागला आहे.

सध्या शंकेच्या वाक्प्रचारावर गाडी अडली होती. एखाद्याचं म्हणणं ‘विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ घ्यायचं, म्हणजे चिमूटभर मिठासकट. त्याला तोंडावर खोटारडा म्हणायचं नाही, पण सगळंच्या सगळं गिळायचंही नाही. गंमत बघ, आपल्याकडे मीठ-मिरची सांगणारा लावतो. त्यांच्याकडे मिठाची सोय ऐकणाऱ्यालाच करावी लागते.

माझा सल्ला असा की दाजींची पाच किलोमीटरं तू या मिठासकट घे आणि स्वस्थ बस. चौपन्नाव्या वर्षी सकाळी दीड तास कुठे जातो हे माणसाला सांगावंसं वाटत नसेल तर नसेल. पत्त्यांचा डाव असेल, दुसरं काय. मी पत्र लिहून विचारणं बरं दिसणार नाही. मेहुण्याने मेहुण्याची झडती घेऊ नये.

तुझ्यामुळे माझं एक पान मात्र मार्गी लागलं. आभार.

भाऊ

२१ सप्टेंबर

प्रिय भाऊ,

तुझं कुठलं पान मार्गी लागलं ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारलं नाही. इथे माझंच डोकं ठिकाणावर नाही.

यांचं फिरणं बंद झालं. नऊ तारखेला सकाळी गेले, आले, बूट काढले आणि म्हणाले, आता फिरणं पुरे. तेव्हापासून घरातच. मला वाटलं, चला, सुटले. पण हे सुटणं नव्हे. माझ्याशी एकदम सभ्यपणे वागायला लागलेत. भाजी छान झालीय म्हणतात. अठ्ठावीस वर्षं हा माणूस भाजी खाली मान घालून खात आला, आता वर बघून छान म्हणतो. माझ्या अंगावर काटा येतो.

कामावरही बरं नाही. गुडघ्यामुळे यांना पंपावरून काढून गेटवर बसवायचं घाटतंय असं शेजारच्या फिटरच्या बायकोने सांगितलं. एकोणतीस वर्षं अख्ख्या गावाला पाणी पाजलं, आता येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाडीचा नंबर लिहायचा. पर्यवेक्षक झाले तर टेबलावर बसून काम असतं, जिना सुटतो. पण त्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर आहे आणि तिथे दोनदा आपटलेत. तिसऱ्याचं नाव मी काढत नाही. दोन्ही वेळेला माहेरी येऊन मी ते हसत हसत सांगितलं होतं. तू तर त्यांच्या उत्तरांची नक्कल करून दाखवली होतीस. हे शेजारच्या खोलीत होते.

काल त्यांनी तुझा पत्ता मागितला, पिनकोडसकट. का म्हणून विचारलं तर म्हणाले, असावा.

ताई

२४ सप्टेंबर

मास्तर यांस,

विषय : आपल्या पुस्तकातील पान ४१, वाक्य क्रमांक ३.

मला पत्रांची सवय नाही. खात्यात तक्रार लिहितात तसं लिहितो आहे, सांभाळून घ्यावं.

मी एप्रिलपासून इंग्रजीच्या वर्गाला जात होतो. शाळा भरायच्या आधी तिसरीच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग चालतो. आम्ही अकरा जण आहोत. शिकवणाऱ्या बाई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या आहेत. १७ नोव्हेंबरला पर्यवेक्षकाची परीक्षा आहे. पंचावन्न पूर्ण व्हायच्या आत बसता येतं आणि मला जानेवारीत पंचावन्न पूर्ण होतात, म्हणून ही शेवटची संधी. घरी सांगितलं नव्हतं. पास झाल्यावर सांगायचं, नापास झालो तर कोणाला कळायला नको, असा विचार होता. कारण आपणास माहीत आहे.

सप्टेंबरात बाईंनी आपलं पुस्तक लावलं. मुखपृष्ठावर आपलं नाव पाहून मी वर्गात सांगितलं, हे माझे मेहुणे. मला अभिमान वाटला. नऊ तारखेला पान ४१ आलं. वाक्य ३ असं आहे : ‘माझे मेहुणे म्हणतात की ते रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात. त्यांचे बूट मात्र अगदी स्वच्छ असतात. मी त्यांचं म्हणणं विथ अ पिंच ऑफ सॉल्ट घेतो.’ खाली उपक्रम आहे : ‘हे मेहुणे खरोखर कुठे जात असतील? वर्गात चर्चा करा.’

वर्गाने चर्चा केली. शिंपी म्हणाला, जुगार. एक नर्स म्हणाली, दुसरं बिऱ्हाड. बाई सगळ्यांना बोलतं करतात. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, तो इंग्रजी शिकायला जात असेल. त्याला सगळ्यांत जास्त हसले. बाई म्हणाल्या, कल्पना चांगली आहे, पण पटण्यासारखी हवी. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की लेखकाचे मेहुणे म्हणजे मी, आणि सगळे गप्प झाले. हसले तेव्हा बरं होतं.

माझी तक्रार शंकेबद्दल नाही. शंका हे आमचं काम आहे. टाकीला उभी काचेची नळी असते, तिच्यात पाण्याची पातळी दिसते. पाळी बदलताना आधीच्या माणसाने लिहिलेला आकडा वाचायचाच नाही, असा आमचा शिरस्ता आहे. आधी वर चढून आपण काच बघायची, आपला आकडा लिहायचा, मग दोन्ही जुळवायचे. आधीचा माणूस सख्खा भाऊ असला तरी. यात कोणी कोणावर रागावत नाही.

बुटांची गोष्ट आपणास एकाच ठिकाणाहून कळू शकते. पत्नीला शंका आली यात वावगं नाही, मी खोटंच बोलत होतो. पण तिने फाइल उघडली नाही, मागे आली नाही, दुसऱ्यांदा विचारलं नाही. मान डोलावली आणि आपणास पत्र लिहिलं. आपणही तपासलं नाहीत. आपण छापलंत. या पद्धतीने पाणीपुरवठा चालवला असता तर निम्मं गाव आजारी पडलं असतं.

मी आता परीक्षेला बसणार नाही. गेटवर छप्पर आहे आणि पंखाही आहे. हे पत्नीला कळवू नये. उत्तर द्यायचं असल्यास खात्याच्या पत्त्यावर द्यावं.

आपला,
मेहुणा (पान ४१)

३० सप्टेंबर

प्रिय दाजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा लाज वाटली. दुसऱ्यांदा मी एक उत्तर लिहिलं की नमुना वाक्यातली माणसं काल्पनिक असतात आणि ‘चर्चा करा’ ही प्रकाशकांची हौस आहे. तिसऱ्यांदा वाचून ते उत्तर फाडलं. माझं चुकलं. ताईने मला विचारायला सांगितलं होतं, मी विचारलं नाही. पानं भरायची घाई होती आणि तुम्ही आयते मिळालात. तेव्हाची नक्कलही चुकलीच. ती तुम्हाला ऐकू गेली होती हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

पण आता माझंही थोडं ऐका. माझ्या एका वाक्यापायी तुम्ही गेटवर बसणार असाल तर त्या छपराखाली मला आयुष्यभर तुमच्या शेजारी बसावं लागेल. आणि मला पंख्याचा वारा सोसत नाही.

सात आठवडे आहेत. वर्गात परत जा. बाकीचं आपण पत्रांतून करू. तुम्ही वाक्यं पाठवा, मी तपासून पाठवतो. पान ४१ पासूनच सुरू करू, कारण ते परीक्षेत हमखास येतं. पिंच ऑफ सॉल्टची चार वाक्यं करा. नियम फार नाहीत. शंका कोणाच्या तरी म्हणण्याबद्दल हवी, डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीबद्दल नको. खोटं आहे अशी खात्रीच असेल तर मीठ लागत नाही, खरं आहे अशी खात्री असेल तरीही नाही.

ताईला सांगणार नाही. वचन.

भाऊ

८ ऑक्टोबर

मास्तर यांस,

सोमवारपासून वर्गात जातो आहे. मी पुन्हा दिसल्यावर शिंप्याने मला पहिल्या बाकावर जागा करून दिली. मी जुगारी नसल्याचं त्याला वाईट वाटलेलं दिसतं.

चार वाक्यं खालीलप्रमाणे. इंग्रजीत वेगळ्या कागदावर आहेत, अर्थ इथे देतो.

कंत्राटदार म्हणाला, नवं मीटर कधी चुकत नाही. मी ते पिंच ऑफ सॉल्टसकट घेतलं आणि टाकीवर चढून काच पाहिली. मीटर चुकत होतं.

शेजारी म्हणाला, नळाला पाणी नाही. मी ते पिंच ऑफ सॉल्टसकट घेतलं आणि त्याचा नळ सोडून पाहिला. पाणी होतं.

डॉक्टर म्हणाले, गुडघा दोन महिन्यांत बरा होईल. मी ते पिंच ऑफ सॉल्टसकट घेतलं आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, होणार नाही.

बायकोचे भाऊ म्हणतात, मी पास होईन. मी ते पिंच ऑफ सॉल्टसकट घेतो आणि १७ तारखेला जाऊन पाहीन.

आपला,
मेहुणा

१४ ऑक्टोबर

प्रिय दाजी,

चारही वाक्यांची रचना ठीक. चौथ्याबद्दल वैयक्तिक काही म्हणत नाही.

अडचण वेगळीच आहे. इंग्रज माणूस मीठ घेतो आणि खुर्चीत बसून राहतो. तुम्ही चिमूट हातात घेऊन जिना चढायला लागता. जाऊन बघितलं की शंका संपली, मग मीठ घेतलंत कशाला? परीक्षकाला वाटेल, या माणसाला अर्थ कळलेला नाही. हा वाक्प्रचार शंका तशीच ठेवून देणाऱ्यांचा आहे. वाक्य अर्ध्यावर थांबायला हवं.

मला एक वाक्य असं पाठवा, ज्यात तुम्ही बघायला जात नाही.

भाऊ

२० ऑक्टोबर (पोस्टकार्ड)

मास्तर यांस,

चार दिवस प्रयत्न केला. बघायला न जाण्याचं वाक्य सुचत नाही. तसं कधी वागलो नाही, त्यामुळे उदाहरण नाही. दुसऱ्याचं पाठ करून लिहिणं बरोबर वाटत नाही. तो प्रश्न सोडून देईन.

मेहुणा

२७ ऑक्टोबर

भाऊ,

यांचं फिरणं पुन्हा सुरू झालं, हे तुला सांगायला नकोच. तुला आधीच माहीत असणार. यांनी तुझा पत्ता कशाला नेला म्हणून मी विचारलं तेव्हा तू लिहिलंस की पाण्यावरच्या एका धड्यासाठी दाजी माहिती पाठवतायत. हा माणूस लग्न ठरल्यावर चार महिन्यांत मला एक ओळ पाठवू शकला नाही आणि तुला पाण्यावर पत्रं लिहितो? तुझं हे म्हणणं मी तुझ्याच मिठासकट घेतलं.

आज यांची फाइल टेबलावर राहिली होती. मी आजवर उघडली नव्हती. नवऱ्याच्या कागदांत हात घालणं मला कमीपणाचं वाटतं. दाराला कान लावणं वाटत नाही, ते वेगळं. आज उघडली. आत खात्याचा एकही कागद नाही. तुझं पुस्तक होतं, एका पानाचा कोपरा दुमडलेला. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, बोट ठेवून ठेवून वाचलं. मेहुणे कळलं. पाच किलोमीटर कळलं. बूट वाचल्यावर खाली बसले.

मी तुला ते पत्र फाडायला सांगितलं होतं, छापायला नव्हे.

जनाची नाही तर मनाची तरी ठेवायचीस. आणि तू सोड, तुझ्यावर मी सावकाश चिडणार आहे. यांनी हे वाचलंय. सप्टेंबरातच वाचलं असणार. मला एका शब्दाने बोलले नाहीत. भाजी छान झालीय म्हणत राहिले.

हे पुस्तक यांच्याकडे कशाला आलं? ते जातात कुठे? या वेळी मला मिठाबिठाच्या गोष्टी नकोत.

ताई

३१ ऑक्टोबर

प्रिय ताई,

शिव्या पोचल्या. कमी आहेत, राहिलेल्या सवडीने पाठव.

मी दाजींना वचन दिलंय की तुला सांगणार नाही. या वर्षात मी एवढी एकच गोष्ट धड केली आहे, ती मोडायला लावू नकोस. पण वचन सांगण्यापुरतं आहे. तू बघू नयेस असं कोणी कोणाला कबूल केलेलं नाही.

ते सहाला निघतात. तुझे पाय चांगले आहेत.

भाऊ

६ नोव्हेंबर

प्रिय भाऊ,

गेले होते.

हातात भाजीची पिशवी घेतली, कोणी विचारलं तर असावी म्हणून. हे पुढे, मी वीस पावलं मागे. मागे वळून बघतील अशी भीती होती, पण त्यांचं लक्ष सगळं गुडघ्याकडे. दूधकेंद्र, मग लोखंडी सामानाचं दुकान, मग शाळा. चालून सात मिनिटं. मला सहा महिने पाच किलोमीटर सांगत होते.

खोलीच्या खिडकीला गज आहेत आणि खाली एक मोडका बाक पडला आहे. मी त्याच्या आडून बघितलं. आतले बाक आठ वर्षांच्या पोरांचे. यांचा गुडघा खाली मावत नाही, म्हणून पाय बाहेर काढून तिरके बसले होते. बाईंनी काहीतरी विचारलं. हे उभे राहिले. बाकाला धरून उभं राहायला वेळ लागला, सगळे थांबले. मग इंग्रजीत एक वाक्य म्हणाले. चुकलं असावं, कारण बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हणाले. पुन्हा चुकलं. कोणी हसलं नाही, भाऊ. अकरा परकी माणसं, पण कोणी हसलं नाही. चौथ्यांदा जमलं तेव्हा बाई मान हलवून पुढे गेल्या आणि हे खाली बसले. माझ्या आयुष्यात मी त्यांना चार माणसांत इतक्या वेळा काही बोलताना ऐकलेलं नाही.

मी येताना एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. किती वेळ बसले माहीत नाही. घरी पोचले तर हे आधीच आलेले. कुठे गेली होतीस, म्हणाले. मी म्हटलं, भाजीला. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. पिशवीत काही नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन स्वतः चहा टाकला.

त्यांना मी काही सांगणार नाही. पास झाले तर ते मला सांगतील. नापास झाले तर मला काही माहीतच नाही. मी दोनदा हसले, तेवढं पुरे. तूही तोंड शिवून ठेव. तुला कठीण जाईल, पण ठेव.

ताई

१८ नोव्हेंबर

मास्तर यांस,

परीक्षा झाली. निबंध ‘माझे कार्यालय’ होता, तो बरा गेला. पत्रलेखनात तक्रारीचं पत्र आलं, ते मी आपणास एकदा लिहिलेलंच आहे.

सहावा प्रश्न वाक्प्रचारांचा. पाचपैकी कोणत्याही चारांचा उपयोग करायचा होता. तीन येत होते. चौथ्यासाठी पिंच ऑफ सॉल्टच उरलं. मी वीस मिनिटं बसलो. मग लिहिलं :

‘बायको म्हणाली की ती भाजीला गेली होती. तिची पिशवी रिकामी होती. मी तिचं म्हणणं विथ अ पिंच ऑफ सॉल्ट घेतलं.’

पेन पुढे जायला बघत होतं. उचलून बाजूला ठेवलं.

हे खरं घडलेलं आहे. काही दिवसांपूर्वी ती सकाळी बाहेरून आली. चपला धुळीने भरल्या होत्या, डोळे लाल होते. भाजी नव्हती. नेहमीच्या भाजीवालीकडे चौकशी केली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. घरावरूनच जाते ती. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही. कारण मला नीट सांगता येत नाही. खात्यात असं केलं असतं तर माझ्यावर कारवाई झाली असती. पण ती बायको आहे, टाकी नव्हे.

वाक्य बरोबर आहे का, एवढंच कळवावं.

आपला,
मेहुणा

२३ नोव्हेंबर

प्रिय दाजी,

वाक्य बिनचूक आहे. पूर्ण गुण. त्यातला एक शब्द बदलू नका आणि त्याच्यापुढे एकही जोडू नका.

दुसरी आवृत्ती निघते आहे. पान ४१ वरचं तिसरं वाक्य मी काढून टाकलं. प्रकाशक म्हणतात, शिक्षकांकडून त्याच वाक्याला सगळ्यांत जास्त दाद मिळते, तसंच दुसरं खरंखुरं वाटणारं द्या. तुमचं वाक्य माझ्यासमोरच आहे. मी त्यांना एक छत्री विसरलेला माणूस पाठवून दिला.

भाऊ

१२ जानेवारी

प्रिय भाऊ,

पास झाले. इंग्रजीत त्रेपन्न. पन्नास लागतात. एक तारखेपासून टेबल, खुर्ची आणि जिना बंद. बातमी तुला यांच्या पत्राने कळली असेलच, पण माझ्याकडून वेगळी ऐक.

काल सकाळी खात्यात जाऊन आले ते बूट न काढता सरळ स्वयंपाकघरात. मी पोळपाट-लाटणं घेऊन बसले होते. हातात तो कागद. म्हणाले, एक सांगायचंय. मी गेले दोन महिने आश्चर्याची तयारी करत होते. शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते. कागद पाहिल्यावर सगळे विसरले आणि नुसतं अगं बाई, परीक्षा, कधी दिलीत, एवढं म्हणाले. वाईट झालं नसावं. डोळ्यांत पाणी आलं ते तर तयारीत नव्हतंच.

मग ते खुर्ची ओढून बसले आणि एप्रिलपासून सगळं सांगितलं. बाई, शिंपी, तिसरीची खोली. पुस्तकाचं नाव काढलं नाही. पुस्तक कोणी लिहिलं तेही बोलले नाहीत. तुला वाचवलं की मला, ते समजलं नाही. लाटलेली पोळी तशीच पडून होती. इतकं सलग बोलल्यावर त्यांनाच दम लागला. मग, सहज म्हणावं तसं म्हणाले,

“नोव्हेंबरात एकदा तू सकाळी भाजीला गेली होतीस.”

“हो,” मी म्हटलं.

“मिळाली नव्हती वाटतं.”

“नाही. उशीर झाला होता.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, टाकीवरच्या काचेकडे बघतात तसं. मग म्हणाले, “त्या वेळेला नसतेच,” आणि पाणी मागितलं.

तुझी,
ताई